‘बेस्ट रेट सांगा’ असा मेल आला की: फ्रीलान्स अनुवादकांसाठी दर ठरवायची माझी पद्धत

मेल साधारण असा असतो: इंग्रजीतून मराठी, चार हजार शब्द, उद्या संध्याकाळी सातपर्यंत, तुमचा बेस्ट रेट कळवा. फाईल जोडलेली नसते, विषय सांगितलेला नसतो, आणि पैसे कधी मिळणार याबद्दल अवाक्षरही नसतं. नवीन अनुवादक अशा वेळी काम हातचं जाईल या धास्तीने पाच मिनिटांत आकडा पाठवतात, तोही मनातल्या आकड्यातून शब्दामागे पंचवीस पैसे उतरवून. नंतर फाईल येते तेव्हा ती तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ निघते, आत बावीस टेबलं असतात, आणि तोंडातून गेलेला आकडा परत घेता येत नाही.

मी ठाण्यातून पूर्णवेळ इंग्रजी-मराठी अनुवाद करते. बँका, विमा, औषधांच्या चाचण्यांची कागदपत्रं, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा, अधूनमधून एखादं पुस्तक. या धंद्यात नव्याने येणारी मुलं-मुली सारखं विचारतात, “ताई, किती रेट सांगू?” आकडा मी सांगत नाही, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी काय काय करायचं ते इथे लिहिते. एक नियम मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दर उतरवायला माझी हरकत नसते, पण नुसता दर मी कधी उतरवत नाही. दर खाली आला तर कामातलं काहीतरी कमी व्हायला हवं, किंवा मुदत वाढायला हवी, किंवा पैसे लवकर यायला हवेत.

आधी तुमचा तळ काढा

कागद घ्या आणि हिशोब मांडा. समजा, घरखर्च, वीज-इंटरनेट, कॉम्प्युटरची झीज, आरोग्यविम्याचा हप्ता, कर आणि थोडी बचत धरून तुम्हाला महिन्याला ६०,००० रुपये लागतात. आता महिन्यात किती शब्द होतात? इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. ते म्हणतात, दिवसाला तीन हजार शब्द, पंचवीस दिवस, म्हणजे ७५,००० शब्द. मग दर निघतो शब्दाला ८० पैसे.

पण रोज काम नसतं. मेल, फोन, इनव्हॉइस, थकलेल्या पैशांचा पाठपुरावा, आजारपण, मुलांच्या परीक्षा यांत दिवस जातात. शिवाय तीन हजार शब्द टाइप करणं वेगळं आणि ते दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी वाचून, आकडे आणि नावं तपासून पाठवणं वेगळं. साधा मजकूर असेल तर माझे तपासणीसकट दिवसाला दोन हजार शब्द नीट होतात. कायद्याचा किंवा वैद्यकीय मजकूर असेल तर दीड हजार. महिन्यातले पैसे मिळवून देणारे दिवस पंधरा धरले, तर शब्द होतात ३०,०००, आणि दर होतो २ रुपये. एकाच घरखर्चाला एका हिशोबात ८० पैसे पुरतात आणि दुसऱ्यात २ रुपये लागतात. पहिल्या हिशोबाने चालणारा माणूस वर्षभरात थकतो, कारण कमी पडलेले पैसे तो झोपेतून काढत असतो.

हा आकडा तुमचा तळ. तो कुणाला सांगायचा नाही. सांगायचा दर त्याच्या वर ठेवायचा, म्हणजे उतरायला जागा राहते. या उदाहरणात मी अडीच सांगेन.

आकडा सांगण्याआधी फाईल

बेस्ट रेटच्या मेलला माझं उत्तर ठरलेलं आहे: “नमस्कार, काम करायला आवडेल. फाईल पाठवा, बघून अर्ध्या तासात दर आणि मुदत कळवते.” फाईल गोपनीय आहे म्हणाले तर दोन-तीन पानं मागते किंवा गोपनीयतेच्या करारावर आधी सही करते. तेही नको असेल तर दर सांगताना “फाईल न पाहता, साध्या मजकुरासाठी” असं स्पष्ट लिहिते.

फाईल उघडली की मी काय बघते ते सांगते. मजकूर निवडता येतो का? स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शब्द मोजता येत नाहीत आणि टेबलं हाताने उभी करावी लागतात, म्हणून त्याचा दर वेगळा. जमिनीच्या फेरफाराची हस्तलिखित नोंद किंवा जुनं खरेदीखत इंग्रजीत करायचं असेल तर मी शब्दावर घेतच नाही, पानावर घेते, कारण निम्मा वेळ अक्षर लावण्यात जातो. मजकूर कशासाठी हवाय हेही विचारा. कर्मचाऱ्यांच्या आतल्या सूचनेत आणि छापून घरोघर जाणाऱ्या माहितीपत्रकात एकेका शब्दाची जोखीम सारखी नसते. फाँट विचारा. अनेक ठिकाणी छपाईसाठी अजूनही श्री-लिपीसारखे जुने फाँट लागतात. युनिकोडमधून बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात, आणि ते पुन्हा तपासायचं काम गुपचूप आपल्या गळ्यात पडतं. तो तपास हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे, असं सुरुवातीलाच म्हणा. आणि मजकूर तपासणार कोण, हे विचारायला विसरू नका. ग्राहकाच्या ऑफिसातला मराठी येणारा कुणीतरी तपासणार असेल, तर त्याची आवडनिवड म्हणून होणारे बदल आणि खरी चूक म्हणून होणारे बदल हे वेगळे मोजायचं आधीच ठरवा. चूक असेल तर मी कितीही वेळा फुकट दुरुस्त करते. ‘ग्राहक’ऐवजी ‘खातेदार’ बरं वाटेल, अशा बदलांची एक फेरी दरात धरलेली असते, दुसरीपासून तासावर.

शब्द कुठले मोजायचे

हे शांतपणे वाचा, कारण दर न बदलता उत्पन्न इथे बदलतं.

इंग्रजीतलं साधं वाक्य घ्या: ‘द फार्मर हॅज टू फिल इन द फॉर्म ॲट द ऑफिस ऑफ द बँक’. चौदा शब्द. मराठीत: ‘शेतकऱ्याने बँकेच्या कार्यालयात अर्ज भरावा’. पाच शब्द. इंग्रजीतली ‘ऑफ’, ‘ॲट’ मराठीत प्रत्यय होऊन शब्दाला चिकटतात, आणि ‘द’ तर गळूनच जातो. सगळीच वाक्यं इतकी आक्रसत नाहीत, पण मराठी शब्दसंख्या इंग्रजीपेक्षा जवळजवळ नेहमीच कमी भरते. त्यामुळे इंग्रजीतून मराठी करताना सोर्सचे, म्हणजे मूळ इंग्रजीचे शब्द धरायचे. मराठीचे शब्द धरायचा आग्रह असेल तर दर त्या प्रमाणात वाढवून सांगा. सोर्स धरण्यात ग्राहकाचाही फायदा आहे: काम सुरू होण्याआधीच बिल किती होणार ते त्याला कळतं. मी तेच कारण सांगते, आणि ते पटतं.

दुसरी जागा म्हणजे एजन्सीने पाठवलेला तक्ता. ट्रॅडोस, मेमोक्यूसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुना अनुवाद साठवलेला असतो. नवी फाईल त्याच्याशी ताडून कुठलं वाक्य किती टक्के जुळतं ते निघतं, आणि जुळणाऱ्या वाक्यांना कमी पैसे मिळतात. दहा हजार शब्दांची फाईल समजा. दोन हजार शब्द परत परत येणारे, त्यांना दहा टक्के दर. एक हजार शब्द ९५ ते ९९ टक्के जुळणारे, त्यांना तीस टक्के. दोन हजार शब्द ७५ ते ८४ टक्के जुळणारे, त्यांना साठ टक्के. उरलेले पाच हजार नवे, त्यांना पूर्ण. बेरीज: २०० + ३०० + १,२०० + ५,००० म्हणजे ६,७०० शब्दांचे पैसे. अडीच रुपयांनी १६,७५०. तुम्ही मात्र मनात पंचवीस हजार धरून बसलेले असता.

हुबेहूब तीच वाक्यं पुन्हा येत असतील तर वेळ कमी लागतो, तिथे सूट द्यायला हरकत नाही. पण पंच्याहत्तर-ऐंशी टक्के जुळणीवरची सूट मराठीला लागू पडत नाही, आणि हे एजन्सीला समजावून सांगावं लागतं. मी हे उदाहरण देते. इंग्रजीत ‘युवर लोन इज अप्रूव्ड’ या वाक्यात ‘लोन’च्या जागी ‘ॲप्लिकेशन’ आलं, तर एक शब्द बदलला. मराठीत ‘तुमचं कर्ज मंजूर झालं’ याचं ‘तुमचा अर्ज मंजूर झाला’ होतं. चारांपैकी तीन शब्द बदलले. ‘पॉलिसी’ आली की ‘तुमची पॉलिसी मंजूर झाली’, पुन्हा तेच. नाम बदललं की लिंग बदलतं, लिंग बदललं की सर्वनाम, विशेषण, क्रियापद सगळं हलतं. एखादा शब्द हलवायचा राहिला तर वाक्य हास्यास्पद होतं, म्हणून असं वाक्य मी नव्यानेच लिहिते. सबब ८५ टक्क्यांखाली सूट नाही. वरच्या तक्त्यात तेवढी एक ओळ बदलली की साडेसात हजार शब्दांचे पैसे होतात: १८,७५०. दर तोच, मिळकतीत दोन हजारांचा फरक. परदेशी एजन्सीच्या प्रोजेक्ट मॅनेजरला मराठीचा गंध नसतो. त्याला हे उदाहरण रोमन लिपीत, बदललेले शब्द रंगवून पाठवा. वाद घालण्यापेक्षा ते लवकर पोचतं.

मशीनने केलेला अनुवाद सुधारून द्या, असं काम आता खूप येतं, आणि त्याला निम्मा दर सांगतात. इथे निम्मा-पाऊण यावर घासाघीस करू नका. मशीनचा मजकूर मागवा, मधली कुठलीही तीनशे शब्दांची पानं घ्या, घड्याळ लावून नीट करा. वीस मिनिटं लागली तर ठीक, निम्म्या दरात परवडेल. पन्नास मिनिटं लागली तर ते सुधारणं नव्हे, नवा अनुवादच आहे, आणि सुधारलेलं पान पुरावा म्हणून जोडून पूर्ण दर मागा. मी अशी कामं तासावर घेणं पसंत करते, जास्तीत जास्त किती तास लागतील ते आधी सांगून.

बजेट नाही म्हणाले की

फोनवरचं बोलणं बहुतेक वेळा असं जातं. समोर अंधेरीच्या एजन्सीतला कोऑर्डिनेटर, काम चार हजार शब्दांचं.

“मॅडम, अडीच फार होतायत हो. क्लायंटचं बजेट दोनचं आहे.”

“दोनमध्येही करता येईल. मग मुदत सोमवार संध्याकाळ, आणि टेबलं तुमच्याकडे. मी साध्या वर्ड फाईलमध्ये मजकूर देईन.”

“नाही नाही, उद्याच हवंय. क्लायंट थांबणार नाही.”

“मग अडीच.”

इथे गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड असतं. आपल्याला शांतता सोसत नाही, आणि आपण स्वतःच “बरं, दोन पंचवीस करते” म्हणून टाकतो. पलीकडचा माणूस तेव्हा विचार करत असतो, त्याला करू द्या. एजन्सीने क्लायंटला मुदत कबूल केलेली असते आणि संध्याकाळ होत आलेली असते.

“सव्वादोन करा ना मॅडम, नेहमीचं काम आहे.”

“सव्वादोनला परवा सकाळी अकरापर्यंत देते. आणि पैसे पंधरा दिवसांत. दोन्ही पीओवर, म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरवर, लिहून पाठवा, मी लगेच सुरू करते.”

दर पंचवीस पैशांनी उतरला. बदल्यात एक रात्र मिळाली आणि पैसे महिनाभर आधी येणार. हा सौदा मला चालतो. ‘पुढे भरपूर काम देऊ’ या आश्वासनावर मात्र आजचा दर सोडू नका. भरपूर काम असेल तर ते लिहून घ्या: महिन्याला ठरलेले इतके शब्द दिले तर पुढच्या महिन्यापासून पाच टक्के सूट. खरंच काम असेल तर त्यांना ते आवडतं, नसेल तर विषय तिथेच संपतो. आणि भाव पाडून वर कोथिंबीर फुकट द्यावी तशी “प्रूफही बघून देते” अशी सवय लावून घेऊ नका. छापायच्या आधीचं प्रूफ वाचणं हे वेगळं काम आहे, त्याला वेगळी ओळ आणि वेगळा दर हवा.

बायकांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: “तुम्ही घरी बसूनच तर करता.” मला याचा अजूनही राग येतो, आणि तो यायलाच हवा. कोर्टात जाणारा कागद घरी तयार झाला म्हणून त्यातली चूक लहान होत नाही. उत्तर देताना मात्र घराचा विषय काढायचा नाही. मुलांच्या फिया, नवऱ्याची नोकरी, सासूबाईंचं दुखणं यातलं काहीही दराच्या बोलण्यात आणू नका, ना कारण म्हणून, ना अडचण म्हणून. “या प्रकारच्या मजकुराचा माझा दर हा आहे,” एवढंच.

कधी जास्त मागायचं

आपलं काम कुठल्या कॅलेंडरवर चालतं ते शिकून घ्या. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावे लागतात, आणि त्याची जाहिरात इंग्रजी दैनिकाबरोबर नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांसाठी ती भाषा मराठी. म्हणजे १४ फेब्रुवारी, ३० मे, १४ ऑगस्ट आणि १४ नोव्हेंबर या तारखांच्या आधीचे आठ-दहा दिवस जाहिरात संस्थांना रात्री दहा वाजता अनुवादक लागतो. थकीत कर्जाच्या मालमत्तेचा ताबा घेतल्याची बँकेची नोटीसही एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावी लागते. अशा कामाला छापायची वेळ ठरलेली असते, चूक चालत नाही आणि पर्याय कमी असतात. त्या दिवसांत मी त्याच दिवशी द्यायच्या कामाला पंचवीस टक्के आणि रात्रीच्या कामाला पन्नास टक्के जास्त लावते. हे दर जानेवारीत सगळ्या ग्राहकांना एकदा मेलने कळवून ठेवते, म्हणजे ऐन वेळी कुणी अडवणूक केली असं म्हणत नाही.

औषधांच्या चाचण्यांत भाग घेणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत संमतीपत्र द्यावं लागतं. ही कामं मला सगळ्यात मोलाची वाटतात. एखाद्या गावातली बाई सही किंवा अंगठा करण्याआधी ज्या कागदावरून आपल्याला काय होऊ शकतं हे समजून घेणार, तो कागद मी लिहिलेला असतो. म्हणून तिथे घाईचं काम मी घेत नाही, कितीही पैसे देत असले तरी. ठरवताना हे पाहा: मराठी अनुवाद पडताळण्यासाठी त्यावरून पुन्हा इंग्रजी करतात, ते करणारी व्यक्ती वेगळी असते, तिच्या अनुवादातला फरक समजावून सांगण्यात तुमचा वेळ जातो, आणि तो दरात धरलेला असायला हवा. अनुवादकाचं प्रमाणपत्र मागतात, त्याचं शुल्क आधी सांगा. संमतीपत्राची नवी आवृत्ती आली तर ते नवं काम, बदललेल्या परिच्छेदांपुरतं आणि किमान शुल्क लावून.

किमान शुल्क प्रत्येकाने ठेवायलाच हवं. चाळीस शब्दांच्या ‘छोट्याशा’ कामालाही मेल, फाईल, तपासणी, इनव्हॉइस सगळं लागतं. जाहिरातीच्या ओळीला तर शब्दावर दर लावूच नका. सहा शब्दांच्या ओळीचे तीन पर्याय, प्रत्येकाचा इंग्रजीत अर्थ आणि तो का निवडला याची दोन वाक्यं, यात अर्धा दिवस जातो. अर्ध्या दिवसाचे पैसे सांगा.

चाचणीचा मजकूर फुकट करायचा का? अडीचशे-तीनशे शब्दांपर्यंत करते. त्यापुढे नेहमीचा दर. अकराशे शब्दांची ‘टेस्ट’ म्हणून एखाद्या माहितीपत्रकाचं पूर्ण प्रकरण पाठवणारे मी पाहिलेत, आणि तेच काम तुकडे करून आणखी चार जणांनाही गेलेलं असतं.

पुस्तकाचं गणित वेगळं

सत्तर हजार शब्दांच्या पुस्तकाला दोन रुपये लावले तर १,४०,००० होतात. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची हजाराची आवृत्ती पूर्ण विकली आणि रॉयल्टी पाच टक्के असली, तर हातात येतात १५,०००. तेव्हा पुस्तक घेताना शब्दाचा दर बाजूला ठेवा आणि तीन गोष्टींवर बोला: वेळ, नाव आणि हक्क. वेळ म्हणजे सहा महिन्यांऐवजी दहा महिने, इतर कामं चालू ठेवून. नाव मुखपृष्ठावर, नुसतं आतल्या पानावर नव्हे.

हक्कांबद्दल १९५७ चा कॉपीराइट कायदा आपल्या बाजूचा आहे, आणि बऱ्याच अनुवादकांना ते माहीतच नसतं. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं. स्वतंत्रपणे केलेल्या अनुवादाचा पहिला हक्क अनुवादकाचा असतो, अर्थात मूळ पुस्तकाच्या हक्कधारकाची परवानगी असेल तर. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील करारात ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ अशी ओळ असते. ती वाचून न दचकता पेन हातात घ्या. “छापील पुस्तकाचे हक्क दहा वर्षांसाठी देते. ई-बुक आणि ऑडिओबुक यांचं स्वतंत्र बोलू.” निम्म्या वेळा प्रकाशक मान्य करतात, कारण ती ओळ त्यांनीही जुन्या करारातून उचललेली असते. मान्य नसेल तर एकरकमी मानधन वाढवून मागा.

लिहून घ्या, मग सुरू करा

करारनामा नसला तरी एक मेल पुरतो, पण तो काम सुरू करण्याआधी गेला पाहिजे आणि त्याला “मान्य” असं उत्तर आलं पाहिजे. माझा साचा असा:

“आपल्या बोलण्याप्रमाणे: अमुक फाईल, इंग्रजीतून मराठी, मूळ इंग्रजी ४,००० शब्द, दर २.२५ रुपये, एकूण ९,००० रुपये. युनिकोड वर्ड फाईल गुरुवारी सकाळी ११ पर्यंत. बदलांची एक फेरी सात दिवसांत, त्यापुढे तासावर. काम मधेच थांबवल्यास तोवर झालेल्या शब्दांचे पैसे. इनव्हॉइसनंतर १५ दिवसांत पैसे. मान्य असल्यास कळवावे, म्हणजे सुरू करते.”

नव्या ग्राहकाचं मोठं काम असेल तर तिसरा हिस्सा आगाऊ आणि पुढची फाईल मागच्या हप्त्याचे पैसे आल्यावर.

कापून येणाऱ्या पैशांबद्दल घाबरायचं कारण नाही. व्यावसायिक शुल्कावर कंपन्या दहा टक्के टीडीएस कापतात. एप्रिल २०२५ पासून एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर रक्कम गेली की तो लागू होतो. तो तुमच्याच नावाने भरलेला कर आहे, दरातली सूट नव्हे. पॅन दिला नाही तर वीस टक्के जातात, तेव्हा इनव्हॉइसवर पॅन हवाच. दर तिमाहीला २६एएस (आयकर पोर्टलवरचा, तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून कापलेली रक्कम खरंच जमा झाली का ते बघा. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. एजन्सीने नंबर मागितला तर एवढंच लिहून कळवा. नोंदणी असेल तर दर सांगताना ‘अधिक जीएसटी’ हे शब्द कधीही विसरू नका.

आता थकलेले पैसे. आधारवर मोफत होणारी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आजच करून टाका, काम घेण्याच्या आधी, कारण नंतर केलेली नोंदणी जुन्या थकबाकीला उपयोगी पडेलच असं नाही. अनुवाद ही सेवा आहे आणि एकटा माणूस सूक्ष्म उद्योगात बसतो. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पैसे बुडवणाऱ्याविरुद्ध सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, ती असे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते.

याचा वापर धमकी म्हणून करू नका. इनव्हॉइसच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा, एवढ्यानेच बरीच बिलं वेळेवर येतात. राहिलेल्या बिलांसाठी मार्चचा पहिला आठवडा धरा. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली की सूक्ष्म-लघु उद्योगांचं मुदत उलटलेलं देणं प्रत्यक्ष दिलं त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येतं. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्स खात्याला तुमच्या पैशांची तुमच्याइतकीच काळजी असते. कोऑर्डिनेटरला पाच वेळा फोन करण्याऐवजी थेट अकाउंट्सला उद्यम क्रमांक टाकून एक सभ्य मेल करा. थकबाकी असताना नवं काम आलं तर: “मागचं बिल जमा झालं की लगेच सुरू करते.” आवाज चढवायचा नाही, पण फाईलही उघडायची नाही.

जुन्या ग्राहकाकडे दरवाढ

आधी नव्या ग्राहकांना नवा दर लावा. दोघा-तिघांनी तो खळखळ न करता दिला की जुन्यांकडे जा. मार्चमध्ये मेल करते, एप्रिलपासून लागू. कारणांची यादी देत नाही: “१ एप्रिलपासून माझा दर २.५० ऐवजी २.७५ रुपये असेल. ३१ मार्चपर्यंत दिलेली कामं जुन्या दराने पूर्ण करेन.” ज्यांच्याकडून काम भरपूर आणि पैसे वेळेवर येतात, त्यांना जुना दर आणखी तीन महिने देते आणि तसं मेलमध्ये लिहिते, म्हणजे ती सवलत आहे हे त्यांना कळतं.

कुणी नाही म्हणालं तर पुन्हा पहिल्या नियमावर या. जुन्या दरात काय कमी होईल किंवा बदल्यात काय हवं ते सांगा: तपासणीची फेरी, घाईची मुदत, पंचेचाळीसऐवजी पंधरा दिवसांत पैसे. मेलला उत्तरच आलं नाही तर फोन करून विचारू नका. पुढची फाईल आली की काम सुरू करण्याआधीच्या मेलमध्ये नवा दर लिहून पाठवा, आणि “मान्य” येईपर्यंत थांबा.